तिसरा खुंट

माऊझर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पिस्तूल उभे राहते. काकोरीजवळ थांबवलेली आगगाडी, कलकत्त्याच्या गल्लीबोळांतले क्रांतिकारक, त्यांच्या कोटाखालचे ते लांब नळीचे हत्यार. नाव वस्तूला चिकटले आणि माणूस मागे राहिला. गंमत अशी की, ते पिस्तूल पाउल माऊझरने स्वतः घडवलेलेच नव्हते. त्याच्या कारखान्यातल्या फेडरले बंधूंची ती करामत. माऊझरची स्वतःची आयुष्यभराची कमाई वेगळी होती. रायफलीच्या नळीमागे बसणारा, काडतूस आत ढकलून पक्के बंद करणारा जो यंत्रभाग असतो, त्याला बंदुकीच्या धंद्यात ‘ॲक्शन’ म्हणतात. तो भाग त्याने अशा अवस्थेला नेऊन ठेवला की, सव्वाशे वर्षांनंतरही जगभरचे बंदूकवाले त्याच्याच वाटेने चालतात.

गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला या जर्मन कारागिराची आठवण का व्हावी? त्याचे कारण आमच्या धानाच्या बांध्यांत आहे. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या जंगलांना लागून असलेल्या गावांत धान भरात आला की रानडुकरांचे कळप उतरतात. खातात त्याहून अधिक तुडवतात. बँकेत असताना पीककर्ज का थकले याची कारणे ऐकण्यात माझी कित्येक वर्षे गेली. पाऊस आणि तुडतुडा यांच्या जोडीला डुकराचे नाव हमखास निघे. आणि जागलीला बसून कंटाळलेला शेतकरी शेवटी एका प्रश्नावर येई, की बंदूक घ्यायची तर कोणती घ्यावी? या प्रश्नाचा माग काढता काढता मी माऊझरच्या चरित्रापर्यंत पोहोचलो.

पेटर पाउल माऊझरचा जन्म २७ जून १८३८ चा, नेकार नदीकाठच्या ओबेर्नडोर्फ गावातला. वडील सरकारी शस्त्रशाळेत बंदूक-कारागीर. तेरा भावंडांत पाउल शेंडेफळ. एका जुन्या मठाच्या इमारतीत ती शस्त्रशाळा भरलेली होती आणि पाउलही लहान वयातच तिथे कामाला लागला. १८५९ मध्ये त्याला सक्तीच्या लष्करी सेवेत तोफखान्यात जावे लागले. तिथे त्याने प्रशियाची प्रसिद्ध सुई-बंदूक बारकाईने न्याहाळली. दाराची कडी सरकवून खाली पाडावी तसा तिचा बोल्ट बंद होई. कल्पना उत्तम होती, पण अंमल कच्चा. प्रत्येक बाराला चापाची कमान वेगळ्या हालचालीने ताणावी लागे आणि मागच्या फटीतून वायू निसटे. बोल्ट फिरवतानाच कमान आपोआप ताणली जावी, हा पाउलचा पहिला मोठा विचार.

थोरला भाऊ विल्हेल्म बोलका, व्यवहारी. पाउल अबोल, कानस आणि पोलाद यांत रमणारा. विल्हेल्मने दारोदार हिंडायचे आणि पाउलने घडवायचे, अशी वाटणी झाली. घरच्या सरकारांनी दाद दिली नाही, तेव्हा १८६७ मध्ये नॉरिस नावाच्या एका अमेरिकनाच्या भरवशावर दोघे बेल्जियमच्या लिएज शहरात गेले. तो करार पुढे फिसकटला. अखेर १८७१ मध्ये नव्या जर्मन साम्राज्याने त्यांची एकबारी रायफल स्वीकारली. पण नमुना माऊझरांचा आणि उत्पादनाचे मोठे काम सरकारी शस्त्रागारांना, असा न्याय झाला. तरीही १८७४ मध्ये भावांनी वडिलांनी जिथे मजुरी केली तीच शस्त्रशाळा विकत घेतली. आठ वर्षांनी, १८८२ मध्ये, विल्हेल्म गेला आणि अबोल पाउलला स्वतःच बोलायला शिकावे लागले. १८८७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाकडून पाच लाख रायफलींची मागणी आली. पण त्याच वर्षी कारखान्याची मालकी बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीकडे गेली आणि पाउल आपल्याच कारखान्यात तंत्रप्रमुख म्हणून उरला.

दुसरा धक्का फ्रान्समधून आला. १८८६ मध्ये फ्रेंचांनी धूररहित दारूची रायफल काढली आणि जुन्या सगळ्या बंदुका एका रात्रीत म्हाताऱ्या झाल्या. जर्मन लष्कराने घाईघाईने १८८८ ची नवी रायफल ठरवली, तीही पाउलला बाजूला ठेवून, समितीच्या हातून. तो रुसून बसला नाही. बेल्जियमसाठी १८८९ ची, स्पेनसाठी १८९३ ची, अशा एकामागून एक रायफली तो सुधारत गेला. ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मन लष्कराने जी रायफल स्वीकारली, तिच्यात या साऱ्या अनुभवाचा अर्क उतरला होता.

त्या ९८ च्या ॲक्शनमध्ये होते तरी काय? नव्या दारूने नळीतला दाब फार वाढला होता. काडतुसाचे पितळ सदोष असेल तर ते फाटे आणि तप्त वायू मागे, थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येई. माऊझरने बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम पोलादी खुंट ठेवले, जे नळीमागच्या खाचांत बसून सारा भार घेतात. एवढ्याने काम भागत होते. तरी त्याने मागच्या बाजूला तिसरा खुंट दिला. हा तिसरा खुंट एरवी काहीच करत नाही. पुढचे दोन तुटलेच, तर बोल्ट चेहऱ्यावर येऊ नये म्हणून तो तिथे आहे. बोल्टला भोके पाडून फुटलेला वायू बाजूला काढून दिला आणि मागे एक रुंद कडा ठेवून डोळ्याला आडोसा केला. शिवाय काडतूस पेटीतून वर येताक्षणी त्याची कडा धरणारी लांब पोलादी पकड दिली. रायफल तिरपी असो, उलटी असो, हात घाबरून अर्धवट मागेपुढे होवो, काडतूस मध्येच सुटून अडकत नाही.

सगळे नीट चालले तर कोणतीही बंदूक चालते. माऊझरने विचार केला तो बिघडल्यावर काय होईल याचा. आणि नियती अशी की, १९०१ मध्ये एका स्वयंचलित रायफलीची चाचणी घेताना स्फोट होऊन त्याचाच एक डोळा गेला. तरीही त्या नादिष्ट माणसाने काम सोडले नाही. १८९८ ते १९०३ तो जर्मन संसदेत होता, १९१२ मध्ये त्याला सरदारकी मिळाली आणि २९ मे १९१४ रोजी ओबेर्नडोर्फलाच त्याने डोळे मिटले.

पुढचे पाहायला तो उरला नाही. दोनच महिन्यांनी महायुद्ध पेटले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीची ५० माऊझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. पुढच्याच वर्षी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी अडकल्या, तेव्हा समोरच्या तुर्कांच्या हाती माऊझर रायफली होत्या. एकाच नावाने या देशाला बळही दिले आणि मातीही दिली.

शिकारीच्या जगात मात्र हीच ॲक्शन विश्वासाची खूण ठरली. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा त्याला भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफल माऊझरच्या ॲक्शनवरच बांधलेली होती. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबळ्या त्याने तिनेच टिपला. अंधारात दुसरा बार मिळेल न मिळेल अशा ठिकाणी त्याने ही हलकी रायफल हाती धरली, यातच सारे आले.

आता त्या जागलीच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत पिकाची नासाडी करणाऱ्या लहान प्राण्यांसाठी हौशी लोक खास रायफल बांधून घेतात आणि पहिली निवड ॲक्शनचीच करतात. तिथे पुष्कळांची पसंती १९६२ पासूनच्या रेमिंग्टन ७०० सारख्या गोल, साध्या घडणीला असते. ती नळीशी तंतोतंत बसवणे सोपे, म्हणून दूरवरचा नेम चांगला. चिचुंद्रीएवढा प्राणी अंगावर येत नाही, त्यामुळे काडतूस अडकले तरी बिघडत नाही. आमचे डुक्कर तसे नव्हे. जखमी डुक्कर सुळे घेऊन झुडपातून सरळ येते. तिथे नेमाच्या केसभर फरकापेक्षा दुसरे काडतूस खात्रीने नळीत जाणे मोलाचे. मला विचाराल तर तिथे जुन्या माऊझरची पकडच हवी.

पण मुळात ती कुणाच्या हाती हवी? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा हक्क राहिलेला नाही. पीक नासवणाऱ्या डुकरासाठीही कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याचा परवाना. ते योग्यच आहे. रायफलीची गोळी सपाट धानपट्टीत डुकरापाशी थांबत नाही, पलीकडच्या धुऱ्यावर, टोलीवर कोण आहे हे तिला दिसत नाही. मात्र परवानगीची वाट लांबली की कंटाळलेला शेतकरी बंदुकीहून वाईट गोष्ट करतो. तो कुंपणात वीज सोडतो. विदर्भात त्या तारेने वाघ मारले आहेत आणि पहाटे शेतावर निघालेली माणसेही.

माऊझरचे चरित्र वाचल्यापासून मला ती तार वेगळी दिसू लागली आहे. तिला चाप नाही, नेम धरणारा डोळा नाही, आणि चूक झालीच तर माणसाला वाचवणारा तिसरा खुंट तर नाहीच नाही. बंदुका करण्यात हयात घालवलेल्या त्या एकाक्ष म्हाताऱ्याने चुकीची एवढी धास्ती बाळगली होती. नुकसानभरपाई वेळेवर देणे, भक्कम कुंपणाला मदत करणे, परवानगीचा कागद हंगामात हाती पडेल असे पाहणे, ही कामे दिसायला निरुद्योगी वाटतील. तिसरा खुंटही तसाच दिसतो. तो असला म्हणजे माणूस घरी परत येतो.