परक्यांचा वकील : क्लॅरेन्स डॅरो

अमेरिकेत फौजदारी वकिलांचा विषय निघाला की क्लॅरेन्स डॅरो यांचे नाव आजही पहिल्याने घेतले जाते. आरोपी वेगळ्या रंगाचा, वेगळ्या देशाचा, वेगळ्या भाषेचा असला म्हणजे कोर्टाने निकाल देण्याआधीच लोक त्याला गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. हा अनुभव आपल्या वस्तीलाही नवा नाही. डॅरो यांनी जन्मभर अशाच माणसांची वकीलपत्रे घेतली, म्हणून त्यांचे चरित्र आपल्या घराघरात माहीत असावे असे आम्हांस वाटते.

डॅरो यांचा जन्म १८ एप्रिल १८५७ रोजी ओहायो राज्यात किन्समन गावाच्या परिसरात झाला. वडील लाकडी सामान बनवीत आणि मयताच्या पेट्याही करीत. ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. घरात पैसा बेताचा, पण पुस्तके भरपूर. कायद्याच्या कॉलेजात डॅरो एकच वर्ष शिकले, पदवी काही घेतली नाही. तरीही १८७८ साली त्यांनी वकिलीची सनद मिळवली आणि १८८७ मध्ये ते शिकागोला आले. तिथे एका रेल्वे कंपनीचे वकील म्हणून त्यांचे बरे चालले होते. १८९४ साली पुलमन कंपनीच्या कामगारांचा संप पेटला आणि कामगार पुढारी यूजीन डेब्ज यांच्यावर सरकारने खटला भरला. तेव्हा डॅरो यांनी कंपनीचे काम सोडले आणि डेब्ज यांची बाजू घेतली. त्यात डेब्ज यांना तुरुंग भोगावा लागला, परंतु डॅरो कामगारांचे वकील झाले ते झालेच.

१९०२ साली पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत सुमारे दीड लाख मजुरांनी संप केला. त्यात आयरिश, वेल्श, पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन असे नाना देशांचे लोक होते. कित्येकांना एकमेकांची भाषासुद्धा कळत नव्हती. चौकशी आयोगापुढे डॅरो यांनी नुसते आकडे मांडले नाहीत. मजुरांना आणि कोवळ्या वयात कामाला लागलेल्या पोरांना त्यांनी साक्षीला उभे केले. १९०३ मध्ये मजुरांना दहा टक्के पगारवाढ मिळाली आणि कामाचे तासही कमी झाले. एका खात्यात चार मुलखांची माणसे एकत्र आणणे किती अवघड असते, हे आम्ही गिरणीत काम केलेले लोक जाणतो.

१९०८ साली ख्रिश्चन रुडोविट्झ नावाच्या लॅटव्हियन निर्वासिताला पकडून द्यावे, अशी मागणी रशियाच्या झारशाहीने अमेरिकेकडे केली. त्याच्यावर खुनाचे आरोप होते. शिकागोत त्याच्या वतीने डॅरो उभे राहिले. रशियातल्या १९०५ च्या उठावातून घडलेली ही राजकीय कृत्ये आहेत, आणि अशा कृत्यांसाठी माणूस परत देता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. खालचा निकाल विरुद्ध गेला, तरी १९०९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या परराष्ट्र मंत्र्यांनी त्याला परत पाठवण्यास नकार दिला. पुढे १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये दोन फॅसिस्टांच्या खुनाबद्दल ग्रेको आणि कॅरिलो या दोन इटालियनांवर खटला झाला. दोघे मुसोलिनीचे विरोधक होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साको आणि व्हान्झेटी या दोन इटालियन कामगारांना विजेच्या खुर्चीवर मारले होते, त्यामुळे वातावरण फार तापलेले. डॅरो यांनी दोघांनाही निर्दोष सोडवले.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो डेट्रॉइटचा खटला. डॉ. ऑसियन स्वीट या काळ्या डॉक्टरांनी १९२५ साली गोऱ्यांच्या वस्तीत १८,५०० डॉलरला घर विकत घेतले. ८ सप्टेंबरला ते राहायला गेले. दुसऱ्या रात्री घराभोवती जमाव जमला, दगड पडू लागले. पोलीस हजर होते, पण जमाव काही पांगला नाही. घरातून गोळ्या सुटल्या, एक गोरा इसम मेला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. काळ्या लोकांच्या एनएएसीपी या संघटनेने डॅरो यांना बोलावले. त्यांचे वय तेव्हा ६८ होते.

तिथे निकाल देणारी बारा जणांची ज्युरी. आपल्याकडेही पूर्वी ज्युरी होती, १९५९ चा नानावटी खटला जुन्या मंडळींना ठाऊक असेल. डेट्रॉइटच्या ज्युरीत बाराही जण गोरे होते. सरकार पक्षाचे साक्षीदार एकामागून एक सांगू लागले की जमाव नव्हताच, चार-दोन माणसे होती. उलटतपासणीत डॅरो यांनी त्यांचे शिकवलेले बोलणे उघडे पाडले. मग त्यांनी डॉ. स्वीट यांना पिंजऱ्यात उभे केले. त्यांनी लहानपणापासून काळ्या लोकांवर झालेले जे हल्ले पाहिले, ऐकले, ते सगळे सांगितले. न्यायाधीश फ्रँक मर्फी यांनी ही साक्ष होऊ दिली. कारण दाराशी आलेला जमाव पाहून त्या घरातल्या माणसांना काय वाटले असेल, हे त्याशिवाय गोऱ्या ज्युरीला कळलेच नसते. पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टरांचा भाऊ हेन्री स्वीट याच्यावर एकट्यावर खटला चालला. गोळी झाडल्याचे त्याने कबूल केले होते. तरीही १३ मे १९२६ रोजी बारा गोऱ्यांनी त्याला निर्दोष ठरवले. बाकीच्यांवरचे आरोप पुढे मागे घेण्यात आले.

डॅरो देवमाणूस होते असे आम्ही म्हणणार नाही. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्यांचे पैसे बुडाले. १९३२ साली मोठी फी घेऊन ते हवाई बेटांवर गेले. जोसेफ काहाहावाई या तिथल्या भूमिपुत्राला पळवून नेऊन ठार मारणाऱ्या गोऱ्या आरोपींची बाजू त्यांनी मांडली. काहाहावाईवर एका गोऱ्या बाईवरील बलात्काराचा आरोप होता, पण तो सिद्ध झालेला नव्हता. ज्युरीत गोऱ्यांबरोबर चिनी आणि हवाईयन वंशाचेही लोक होते. तिने मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत धरला. दहा वर्षांची शिक्षा झाली, ती गव्हर्नरने एका तासावर आणली. आरोपी कोणीही असो, त्याला वकील मिळालाच पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. पण डेट्रॉइटला घरातल्या माणसांची भीती डॅरो यांनी ज्युरीला दाखवली, तशी हवाईत मेलेल्या पोराची बाजू त्यांच्या भाषणात दिसली नाही. चरित्र सांगायचे तर हेही सांगितले पाहिजे.

१३ मार्च १९३८ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. जन्मभर ते फाशीच्या शिक्षेविरुद्ध लढले.

आता आपल्या वस्तीतली पोरे-पोरी वकील होत आहेत, ही आनंदाची गोष्ट. उद्या त्यांच्याकडे परमुलखातला, परजातीचा, परधर्माचा आरोपी येईल. त्याचे वकीलपत्र घेऊ नकोस, असे सांगणारे आपल्यातलेही काही निघतील. तेव्हा त्यांनी डेट्रॉइटचे ते घर आठवावे. आधी त्या माणसाची सगळी हकीकत ऐकून घ्यावी, त्याला कोर्टापुढे माणूस म्हणून उभे करावे, मग निकाल काहीही लागो. आणि समोरच्या बाजूला जो मेला, त्यालाही घरदार होते, हेही विसरू नये.