बांधावरून उंची काढणारे भास्कराचार्य

आपल्या सावर्ड्याच्या पूर्वेला जो सह्याद्री दिसतो, त्याच सह्याद्रीच्या आधाराने वसलेल्या एका गावी भास्कराचार्य नावाचे थोर गणिती होऊन गेले. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. हे साल त्यांच्याच ग्रंथावरून कळते. गावाचे नाव विज्जडवीड. ते नेमके कुठले यावर विद्वानांचा वाद आहे. पुष्कळजण चाळीसगावजवळचे पाटण सांगतात. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच गुरू. म्हणजे शाळा घरातच!

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. लीलावती ही त्यांची मुलगी असे सांगतात. ती दंतकथा असेल, पण पुस्तकात तिला हाक मारून गणिते घातली आहेत एवढे खरे.

पाया गुणिले उंची भागिले दोन, हे आपण घडाघडा म्हणतो. पण उंची मोजायची कशी? समजा तीन बांधांचे खाचर आहे आणि लावणी झालेली आहे. बांधावरून चालत तिन्ही बाजू मोजता येतील. उंचीसाठी टेप घेऊन भातात शिरलात तर घरचे पाठीत घालतील!

‘लीलावती’त असेच गणित आहे. पाया १४, बाजू १३ आणि १५. आता बघा. बाजूंची बेरीज २८, वजाबाकी २. गुणाकार ५६. त्याला पायाने भागले, आले ४. हे ४ पायात मिळवून निम्मे केले की ९, वजा करून निम्मे केले की ५. लंब पायावर पडतो तिथे पायाचे हेच दोन तुकडे होतात. त्यांना ते आबाधा म्हणतात. मग १३ च्या वर्गातून ५ चा वर्ग काढा, राहिले १४४. उंची १२, क्षेत्रफळ ८४. चिखलात पाय न घालता! ही रीत त्यांच्या आधी ब्रह्मगुप्तानेही दिली होती.

दुसरे गणित अवघड. पाया ९, बाजू १० आणि १७. इथे लंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो. मी पहिल्यांदा केले तेव्हा एक आबाधा उणे ६ आली, म्हणून सगळे खोडून टाकले. पण तेच बरोबर होते! उणे म्हणजे पाया मागे ६ वाढवायचा. उंची ८, क्षेत्रफळ ३६.

बांध चार असतील तर मात्र सावध. नुसत्या चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी चक्क पिशाच म्हटले आहे. बाजू त्याच ठेवून चौकोन दाबला की क्षेत्रफळ बदलते ना! कर्ण किंवा लंब सांगायलाच हवा.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ साली, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुढे नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी मराठीत आहेत.