गोठ्याच्या दारापर्यंत गेलेले मणिभाई देसाई

मार्च १९४६ च्या अखेरच्या आठवड्यात महात्मा गांधी पुणे-सोलापूर मार्गावरील उरुळी कांचन या गावी उतरले. निसर्गोपचार खेड्यातील गरिबाच्या दारी नेता येतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. जेमतेम आठवडाभराच्या मुक्कामात त्यांनी शेकडो रुग्ण तपासले. पुढे कॅबिनेट मिशनच्या वाटाघाटींसाठी त्यांना दिल्लीस जावे लागले. मागे राहिलेल्या मोजक्या कार्यकर्त्यांत विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे होते आणि पंचवीस वर्षांचा एक गुजराती तरुणही होता. हे गाव आयुष्यभर सोडणार नाही, असा शब्द या तरुणाने गांधीजींना दिला होता. सत्तेचाळीस वर्षांनी मृत्यूने गाठले तोवर मणिभाई देसाई यांनी तो मोडला नाही.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा येथे शेतकरी कुटुंबात झाला. मिठाचा सत्याग्रह झाला ती दांडी त्या काळी त्याच जिल्ह्यात मोडत असे आणि मणिभाई तेव्हा दहा वर्षांचे होते. शिक्षण विज्ञान शाखेचे. भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी उडी घेतली, नंतर सेवाग्रामची वाट धरली. पशुवैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. गाईविषयी जे ज्ञान त्यांनी मिळविले ते पुस्तकांतून, तज्ज्ञांना विचारून आणि मुख्यतः गोठ्यात उभे राहून.

उरुळी तेव्हा कोरडवाहू, दारिद्र्याने पिचलेले गाव होते. शाळा, शेती, पाणी अशा अनेक कामांत मणिभाईंनी हात घातला. त्या साऱ्यांची नोंद येथे घेत बसत नाही. आपला संबंध त्यांच्या गोशाळेशी. गाय वाचवायची असेल तर ती पाळणाऱ्याला परवडली पाहिजे, हा गांधीजींच्या गोसेवेचा गाभा मणिभाईंनी अक्षरशः घेतला. उरुळीच्या गोशाळेत त्यांनी गीर गाईंची जोपासना केली, निवड पद्धतीने वंश सुधारला आणि त्या कळपाचे नाव झाले. परंतु एका गोशाळेत चांगल्या गाई असल्याने पंचक्रोशीतल्या गरिबाच्या दावणीला काय मिळते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याच्याकडे असते ती कुठल्याच नोंदलेल्या जातीत न बसणारी, दिवसाला लिटर-दीड लिटर दूध देणारी गाय.

या प्रश्नाच्या उत्तरातून १९६७ साली भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच ‘बायफ’, ही संस्था उरुळीत स्थापन झाली. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी या परदेशी वंशांच्या वळूंचे गोठविलेले रेत वापरून गावठी गाईपासून संकरित कालवड जन्माला घालावयाची, हा मार्ग त्यांनी निवडला. देशी वंशाच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना तो रुचण्याजोगा नव्हता, आणि तो आक्षेप आजही निरर्थक ठरलेला नाही. संकरित गाय दूध देते तसे दुखणेही आणते. दमट हवेत तिला धाप लागते. गोचिडांतून येणारे बबेसिया व थायलेरिया हे ताप देशी गाय बहुधा अंगावर काढते, संकरित गाय त्यात आडवी होते. लाळ्या-खुरकुतात देशी जनावर काही दिवस लंगडून उठते. संकरित गाईचे दूध मात्र त्या वेतापुरते गेलेच म्हणून समजावे. कास मोठी, दूध जास्त, म्हणून कासदाहाचा धोकाही जास्त.

मणिभाईंचे मोठेपण मला दिसते ते येथे. अधिक दुधाची गाय गरिबाच्या हाती देणे म्हणजे अधिक जोखीम त्याच्या माथी मारणे, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे संकर आणि आरोग्यसेवा त्यांनी एकमेकांपासून तोडली नाही. दहा-पंधरा गावांमागे एक केंद्र, केंद्रावर एक प्रशिक्षित कार्यकर्ता, त्याच्या मोटारसायकलवर उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनचे भांडे. गाय माजावर आल्याचा निरोप मिळाला की तो थेट गोठ्यात पोहोचे. शेतकऱ्याने जनावर हाकत दवाखान्यात न्यावयाचे, ही रीत येथे उलटी झाली. त्याच फेरीत गाभण गाईची तपासणी, जंतनाशक, लसीची आठवण, चाऱ्याचा सल्ला ही कामेही उरकत. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी आरंभी या केंद्रांना आधार दिला; पुढे इतर राज्यांतही हे काम पसरले.

कृत्रिम रेतनाकडे आपण दूधवाढीचे साधन म्हणून पाहतो. रोगप्रतिबंध म्हणून त्याचे मोल तितकेच आहे. गावचा एकच वळू दारोदार फिरला की जननेंद्रियांचे संसर्गजन्य रोगही त्याच्यासोबत दारोदार फिरतात. गाय वारंवार उलटते आणि कारण कळत नाही. रेत केंद्रातील वळूची क्षय, ब्रुसेला आदी रोगांसाठी नियमित तपासणी करता येते. एका वळूची काटेकोर परीक्षा हजारो गोठ्यांचे रक्षण करते.

लाळ्या-खुरकुताच्या बाबतीत तर ‘बायफ’ने लस-निर्मितीतच उडी घेतली, पुण्याजवळ वाघोलीत त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. निसर्गोपचाराच्या आश्रमातून निघालेला गांधीवादी कार्यकर्ता विषाणूंची लस तयार करवून घेतो, यात कोणास विसंगती दिसेल. मणिभाईंना ती दिसली नसावी. जनावर वाचविणारे जे साधन असेल ते त्यांना आपलेसे वाटे. चाऱ्यासाठी त्यांनी सुबाभळीचा मोठा प्रसार केला, तोही याच वृत्तीने. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने भरपूर, पण मिमोसिन हे विषारी द्रव्यही असते. सगळी वैरण तिचीच घातली तर केस गळतात, गलग्रंथी सुजते. ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावी लागते.

हे चरित्र पेडण्यात वाचताना एक फरक ठळकपणे जाणवतो. आपल्याकडे संकरित गाय बहुधा विकत येते. कामधेनूसारख्या योजनेतून अनुदान मिळते, कर्ज मिळते, शेजारच्या राज्यातल्या बाजारातून गाय निवडली जाते आणि पत्रादेवीच्या नाक्यावरून गाडी तालुक्यात शिरते. धारगळ असो वा कासारवर्णे, दुसऱ्या दिवसापासून ती इतर जनावरांच्या दावणीत उभी असते. मणिभाईंचा मार्ग निराळा होता: संकरित कालवड शेतकऱ्याच्या स्वतःच्या गाईच्या पोटी, त्याच्याच गोठ्यात जन्मावी. रेतनापासून व्यायला नऊ महिने, कालवड मोठी होऊन प्रथम विण्यास आणखी अडीच-तीन वर्षे. म्हणजे दुधासाठी साडेतीन-चार वर्षांची वाट. योजनांच्या हिशेबात इतकी सबुरी बसत नाही. पण तेवढ्या काळात पाळणारा तिच्याबरोबर शिकतो, आणि ती जन्मल्यापासून त्याच हवेत, त्याच गोचिडांत वाढलेली असते. गाडीच्या दाटीतून, बाजाराच्या गर्दीतून लाळ्या-खुरकूत वा लंपी चर्मरोग घेऊन ती येत नाही.

अर्थात विकत घेणे थांबणार नाही. मग निदान नव्या गाईला दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, तिची भांडी वेगळी ठेवावीत, तिची धार शेवटी काढावी, ब्रुसेला आणि क्षयाची तपासणी करून मगच दावणीत घ्यावे. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी आणि घटसर्पाची पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच द्यावयाची असते; ते वय निघून गेले की ती संधी गेली. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातांनी ओढणाऱ्याला तो रोग जडतो आणि महिनोन्‌महिने चढउताराचा ताप मागे लागतो. वार चुन्यासह खोल पुरावी, दूध उकळल्याविना घेऊ नये. नवजात वासराला पहिल्या तासाभरात चीक पाजणे, ही तर फुकटची लसच. पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर हे सारे सांगतात. कमी पडते ते गोठ्याच्या दारापर्यंत नियमाने येणारे पाऊल.

मणिभाईंच्या मार्गाच्या मर्यादाही नोंदवावयास हव्यात. संकराच्या ओघात स्थानिक गाई मागे पडल्या. गोव्याची श्वेत कपिला आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. दूध दिवसाला दोन-तीन लिटर, पण आपल्या पावसाला आणि उष्म्याला ती सरावलेली. गीर गाईंवर आयुष्याची उमेदीची वर्षे घालविणाऱ्या मणिभाईंना तिचे मोल पटवून द्यावे लागले नसते, असे मला वाटते.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९८२ साली लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार. त्याच सुमारास दक्षिण गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी फळबागांचे, ‘वाडी’चे काम त्यांच्या संस्थेने सुरू केले. १९९३ साली मणिभाई गेले. ‘बायफ’चे कार्यकर्ते आजही अनेक राज्यांत नायट्रोजनचे भांडे मोटारसायकलला बांधून पहाटे निघतात, कारण माजावर आलेल्या गाईला तासांचा हिशेब असतो, सकाळी लक्षण दिसले तर त्याच संध्याकाळी रेतन व्हावे लागते.