दोरीपलीकडचा गोलंदाज

थंडीच्या दिवसांत जिंतूरला सकाळी फिरायला बाहेर पडलो की पाय आपोआप मैदानाकडे वळतात. निवृत्तीनंतर लागलेली ही सवय. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिथे पोरांचा सराव सामना चालला होता. स्पर्धा आठ-दहा दिवसांवर आलेली. संघातले आठ-नऊ जण आधीच नक्की झाले होते, ते लिंबाच्या झाडाखाली पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा खात होते. मैदानात होते ते उरलेले. त्यांच्यातून चार-पाच जण घ्यायचे, आणि त्यातल्या निम्म्यांना बहुधा पाणी द्यायला आणि बॅटी उचलायलाच न्यायचे. पण त्या पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होते. एकेका चेंडूवर जणू जन्माचा निकाल लागणार होता!

खेळाचे सर खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसले होते. एक बारकासा डावखुरा मुलगा गोलंदाजीला आला आणि मी थांबलोच. चेंडू हवेत असा काही तरंगत ठेवायचा की फलंदाज पुढे यावे की मागे जावे याच विचारात अडकायचा. नेमके त्याच वेळी सरांना कोणीतरी भेटायला आले. सर उठून बोलत उभे राहिले. मुलाची दोन षटके संपली. सर पुन्हा खुर्चीवर बसले तेव्हा चेंडू दुसऱ्याच्या हातात गेला होता आणि वहीचे पान कोरे होते.

घरी परतताना माझ्या मनात बाळू पालवणकर होते. आजच्या घराघरांत क्रिकेट पाहिले जाते, पण हे नाव सांगितले तर पुष्कळ जण नुसते तोंडाकडे पाहतात. एके काळी हिंदुस्थानातला सर्वांत मोठा गोलंदाज म्हणून हे नाव मुंबई-पुण्यात मुलांच्या तोंडी होते. आणि त्यांची सगळी कहाणी एका प्रश्नाभोवती फिरते : माणसाची परीक्षा घेणाऱ्याची नजर नेमकी कुठे असते?

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातले, आडनाव गावावरूनच आलेले. जात चांभाराची. 1875-76च्या सुमारास धारवाडला बाळूचा जन्म झाला. वडिलांच्या लष्कराशी निगडित नोकरीमुळे कुटुंब पुण्याला आले. छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि उसवलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण मागे राहिले आणि बाळू एका पारशी क्लबात मैदान झाडण्याच्या आणि रोलर फिरवण्याच्या कामाला लागला. पगार महिना तीन रुपये.

1892मध्ये तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात आला. पगार एक रुपयाने वाढून चार झाला. काम तेच, वर थोडे अधिक : खेळपट्टी तयार करायची, सरावाची जाळी बांधायची, टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा मारायच्या. ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्याला जाळ्यात गोलंदाजी करायला सांगितली. क्लबात बार्टन नावाचा एक कॅप्टन डाव्या हाताने फार सुरेख गोलंदाजी करी. बाळूने त्याच्याकडे बघून बघून ती लकब उचलली. शिकवायला कोणी नव्हते. पण सकाळ-संध्याकाळ टाकून टाकून हाताला असे काही वळण लागले की टप्पा हवा तिथे पडू लागला, आणि चेंडू कधी आत तर कधी बाहेर वळू लागला.

क्लबातला सर्वांत नावाजलेला फलंदाज होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. त्याच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला जंगली म्हणत. हा ग्रेग इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि एकट्या बाळूपुढे सराव करी. बाळूने बाद केले की तो दर वेळी आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर मला त्यातला हिशेब मोठा बोलका वाटतो. महिन्यात आठ वेळा साहेबाचा बळी घेतला की पगाराइतकी वरकमाई! ग्रेगची फलंदाजी या सरावाने पक्की होत गेली आणि बाळूची गोलंदाजीही. मात्र इतक्या वर्षांत बाळूला त्या जाळ्यात एकदाही बॅट हातात मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान. नोकराने चेंडू टाकायचा आणि मारलेला चेंडू आणूनही द्यायचा.

एव्हाना पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्या जिमखान्याला हरवण्याची इच्छा झाली होती. त्यासाठी गोलंदाज हवा होता. गोलंदाज तर गावातच होता. रोज गावातल्या सर्वांत चांगल्या फलंदाजासमोर त्याची परीक्षा होत होती आणि रोज तो उत्तीर्ण होत होता. तरीही त्याला घ्यावे की नाही यावर क्लबात दोन तट पडले. तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, पुण्याच्या ब्राह्मण मंडळींपैकी काही जण अडून बसले होते. शेवटी ग्रेगनेच वर्तमानपत्रातून सांगितले म्हणतात, की या गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा शुद्ध वेडेपणा ठरेल. ज्याच्याविरुद्ध खेळायचे त्यानेच आपला खेळाडू आपल्याला दाखवून द्यावा, याहून मोठी थट्टा ती कोणती?

बाळूंना घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताटही वेगळे. तोंड धुवायचे तर पाणी आणून देणारा नोकरही त्यांच्यासारखाच अस्पृश्य. दुपारभर ज्यांच्यासाठी बळी घ्यायचे त्यांच्यापासून चार हात दूर बसून चहा प्यायचा आणि पुन्हा आत जाऊन चेंडू हातात घ्यायचा! त्या चार पावलांत त्यांच्या मनात काय येत असेल, याची कल्पना आपण करू शकतो असे मला वाटत नाही.

ते बोलले ते चेंडूनेच. पुण्याच्या गोऱ्या संघाला हिंदूंनी हरवले. साताऱ्याला गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा सामना ठरला, तेव्हा त्यांची फिरकी चालू नये म्हणून आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी कडक केली होती, तरी बाळूंनी सात बळी घेतले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात त्यांचे जाहीर कौतुक केले, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे असे खेळाडूंना सुनावले, असे सांगतात.

1896च्या सुमारास बाळू मुंबईला आले. आधी लष्करात आणि मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेतानाही कुरबुर झाली, पण ती मिटली. पुढे शिवरामही संघात आला. फेब्रुवारी 1906मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या, युरोपियनांचे डाव 191 आणि 102 धावांत आटोपले. 109 धावांनी विजय! दोन्ही डाव मिळून बाळूंचे आठ बळी होते. या जिमखान्यात दोघे भाऊ इतरांच्या पंगतीला बसत. सुधारकांच्या वर्तमानपत्रांनी या विजयाबरोबर त्या पंगतीचेही अभिनंदन केले. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून इथवर येण्यात दहा-बारा वर्षे गेली होती.

1911मध्ये हिंदुस्थानचा पहिला सर्व जातीधर्मांचा संघ इंग्लंडला निघाला. निवडीसाठी मुंबईत सराव सामने झाले आणि निवड समितीत तोच ग्रेग होता. पण निवडही जमाती मोजूनच करायची होती : सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. बाळू आणि शिवराम दोघेही निवडले गेले. दौरा सुरू झाला आणि महाराजांचे मन मेजवान्यांत रमले. संघाचा उत्तम फलंदाज मिस्त्री हा त्यांचा खासगी चिटणीस. महाराज गेले की त्यालाही जावे लागे. मग उरलेल्यांनाच रोज ओढाताण करून उभे राहावे लागले. राखीव खेळाडू पारखून, मोजून का न्यायचे असतात, हे अशा वेळी कळते. खांदा दुखत असतानाही बाळू टाकत राहिले. तेवीस सामन्यांपैकी संघाने सहा जिंकले आणि पंधरा हरले. त्या पडझडीत एकट्या बाळूंनी 114 बळी घेतले. वय पस्तिशी ओलांडलेले होते.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राशी कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाचे नाव जोडले जाते. चेंडूच्या जोरावर साहेबाच्या देशात नाव काढलेला आपला माणूस हा त्या पिढीच्या मुलांना केवढा मोठा आधार वाटला असेल!

एक गोष्ट मात्र त्यांना मिळाली नाही. ती म्हणजे हिंदू संघाचे कर्णधारपद. अनुभवाने, वयाने, खेळाने ते सर्वांत पुढे. पण कर्णधार निवडायची वेळ आली की समितीची नजर त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाई. 1913मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा हा मान खरे तर बाळूंचा होता, असे खुद्द पै यांनीच उघडपणे सांगितले. 1920च्या चौरंगी स्पर्धेत तर कहर झाला. पै आजारी पडले, नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना संघातूनच वगळले. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी मग अंग काढून घेतले. जातीमुळे आमच्या भावावर हा अन्याय होतो आहे, असे त्यांनी जाहीर निवेदनात स्वच्छ लिहिले. संघात जागा मिळावी म्हणून लोक काय काय सोसतात. या दोघांनी मिळालेली जागा भावासाठी सोडून दिली. मोठा गाजावाजा झाला. पारशांविरुद्धच्या सामन्यात पै परतले, तिघे भाऊही परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर जाऊन बसले, ते बाळूंनी संघ चालवावा म्हणून. बाळू त्या वेळी चव्वेचाळीसच्या आसपास होते. त्यांच्या वाट्याला नेतृत्व आले ते एवढेच, एका सज्जन माणसाने स्वतः उठून दिलेले.

1923मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. थोरल्याने ठोठावलेले दार धाकट्यासाठी उघडले. विठ्ठलांनी पुढे 1948मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिले, म्हणून या घराची हकिगत निदान मराठीत राहिली.

बाळूंचे पुढचे आयुष्य राजकारणात गेले. 1932च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. ज्याच्या सत्काराशी आपले नाव जोडलेले, त्याच्याशीच लढायची वेळ आंबेडकरांवर आली, आणि ज्यांच्या मार्गापेक्षा आपला मार्ग वेगळा वाटला, त्यांच्यापुढे हार पत्करायची वेळ बाळूंवर. दोघेही एकाच अन्यायाशी झुंजत होते, इतके म्हणून इथे थांबावे. जुलै 1955मध्ये बाळू मुंबईत वारले. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21. हे आकडे आजही कोणी गोलंदाज अभिमानाने मिरवील.

हे सगळे लिहिताना एक जुनी बोच पुन्हा वर आली. मी बँकेत अधिकारी असताना एका शाखेत एक बदली शिपाई होता. सहामाहीच्या बॅलन्सिंगला लेजरमधला फरक सापडेना की तो दिवा धरून आमच्या मागे उभा राही आणि हळूच बोटाने नेमकी ओळ दाखवी. पुढे त्याला कायम करण्यासंबंधी माझा अभिप्राय मागवला गेला. मी नेहमीची ठरीव वाक्ये लिहिली : काम समाधानकारक, वागणूक चांगली. खोटे काहीच लिहिले नाही. खरे तेही लिहिले नाही. त्याला घेतले नाही. त्या अभिप्रायाची नक्कल माझ्याकडे नाही, पण तो कागद मला अजून दिसतो. बाळूंना अडवणारे सगळे दुष्ट होते असे मला म्हणूनच वाटत नाही. पुष्कळ जण माझ्यासारखेच असतील. समोर जे दिसत होते ते कागदावर उतरवण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. ग्रेग आणि पै यांनी ते घेतले, म्हणून आपण त्यांचीही नावे घेतो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मैदानावर गेलो आणि सरांना त्या डावखुऱ्या मुलाबद्दल सांगितले. सर भले गृहस्थ आहेत. त्यांनी लगेच वही उघडली, पेनचे टोपण काढले आणि मुलाचे नाव विचारले. मी गप्प झालो. दोन षटके मी त्याला डोळे भरून पाहिले होते, पण नाव विचारले नव्हते.

मग आम्ही दोघे उठलो. मुलगा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, दोरीबाहेर, इतरांचे चेंडू अडवत उभा होता. सरांनी त्याला हाक मारून आत बोलावले, चेंडू त्याच्या हातात दिला आणि आपली खुर्ची उचलून खेळपट्टीसमोर आणून ठेवली.