कवडशातील धूळ आणि जॉन टिंडाल

इंजेक्शनच्या कुप्या ज्या जागी भरल्या जातात, तेथील हवा नुसती डोळ्यांना स्वच्छ दिसून भागत नाही. एक घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन वा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा अधिक असता कामा नयेत, असा दंडक आहे. हे कण मोजणारी यंत्रे ज्या प्रकाशतत्त्वावर चालतात, त्याला जॉन टिंडाल यांचे नाव आहे.

टिंडाल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडच्या कार्लो परगण्यात झाला. वडील पोलीस शिपाई, परिस्थिती बेताची. भूमापन खात्यातील नोकरी, रेल्वेमार्गांची मोजणी आणि शाळेतील अध्यापन असे करीत ते १८४८ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे गेले. तेथे बुन्सेन यांच्यासारखे गुरू लाभले आणि डॉक्टरेटही मिळाली. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्राध्यापक झाले; मायकेल फॅरेडे तेथे त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते.

प्रकाशाचे प्रयोग करताना नळीतील हवेत तरंगणारी धूळ त्यांना अडथळा करू लागली. ही हवा ज्योतीवरून नेली की धूळ नाहीशी होई. जळून जाते त्याअर्थी ती बहुतांशी सेंद्रिय आहे, हे त्यांनी ताडले. जानेवारी १८७० मध्ये धूळ आणि रोग यांचा संबंध त्यांनी जाहीर व्याख्यानात मांडला.

सजीव आपोआप उत्पन्न होतात, असे मानणारे विद्वान तेव्हाही होते. त्यांना उत्तर म्हणून टिंडाल यांनी लाकडी पेटी बनवली व आतून ग्लिसरीन लावले. काही दिवसांत धूळ बसली. आत सोडलेला झोत दिसेनासा झाला, म्हणजे हवा निर्मळ झाली. या हवेत ठेवलेले मांसाचे व भाज्यांचे उकळलेले अर्क महिनोन्‌महिने टिकले. बाहेरचे थोड्याच दिवसांत नासले.

पुढे वाळलेल्या गवताच्या अर्कांनी मात्र त्यांना चकवले. उकळूनही ते नासत. काही जंतूंची बीजरूपे उकळीलाही दाद देत नाहीत, हे त्यांनी ओळखले. १८७७ मध्ये त्यांनी ठरावीक अंतराने पुनःपुन्हा तापवण्याची रीत सुचवली. मधल्या काळात बीजे अंकुरतात आणि पुढच्या उष्णतेत मरतात.

औषध कारखान्यांतील क्लीन रूमची वर्गवारी बरीच पुढची. अमेरिकेने १९६३ मध्ये पहिले संघीय मानक काढले. त्यातील ‘क्लास १००’ म्हणजे एका घनफुटात अर्धा मायक्रॉन वा मोठे कण १०० पेक्षा अधिक नसणे. हे मानक २००१ मध्ये रद्द होऊन आयएसओ १४६४४ ने त्याची जागा घेतली. कणमापक यंत्रात हवेतील कण लेझरच्या झोतातून जातो व प्रकाश विखुरतो; त्या लुकलुकीवरून कणांची मोजदाद होते. मात्र कण सजीव की निर्जीव, हे या यंत्राला कळत नाही. म्हणून जंतूंची तपासणी वेगळी करावी लागते.

टिंडाल यांचा अंत मात्र औषधाच्या अदलाबदलीने झाला. ४ डिसेंबर १८९३ रोजी पत्नी लुईसा यांच्या हातून मॅग्नेशियाऐवजी झोपेच्या क्लोरलची मोठी मात्रा दिली गेली. चूक लगेच ध्यानात आली, उपचारही झाले. पण त्याच दिवशी त्यांनी प्राण सोडला. औषध शुद्ध असावे आणि रुग्णाच्या हाती योग्य तेच पडावे, या दोन्ही काळज्या आज औषधनिर्मितीच्या एकाच नियमावलीत आहेत.