गलिव्हरच्या लेखकाची चक्कर

लिलिपुटच्या वीतभर माणसांनी झोपलेल्या गलिव्हरला बारीक दोऱ्यांनी जमिनीशी जखडून टाकलं, ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असं कुणी विरळाच. पण ती लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टच्या पायाखालची जमीन मात्र जन्मभर गरगर फिरत होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

स्विफ्टचा जन्म १६६७ साली आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात झाला. वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. काकांच्या आधारावर शिक्षण झालं आणि तरुणपणी तो इंग्लंडमध्ये सर विल्यम टेम्पल यांच्याकडे चिटणीस म्हणून राहिला. विशीतच तिथे त्याला चक्करीचा पहिला झटका आला. आपण एकदम खूप सफरचंदं खाल्ली, त्याचाच हा परिणाम, अशी त्याची समजूत झाली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. पुढे कानही बिघडला. त्याचं खापर त्याने सर्दीवर फोडलं. चक्कर आणि बहिरेपण ही एकाच दुखण्याची दोन रूपं आहेत, हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. त्या काळी ते कुठल्याच डॉक्टरला ठाऊक नव्हतं!

टेम्पल यांच्याच घरी त्याला एस्थर जॉन्सन भेटली. तेव्हा ती लहान मुलगी होती. तो तिचा शिक्षक झाला आणि पुढे जन्माचा मित्र. तिला तो स्टेला म्हणे. १७१० ते १७१३ या काळात लंडनहून त्याने तिला जी पत्रं पाठवली, त्यांत राजकारणाच्या गप्पांबरोबर आज डोकं कसं आहे, चक्कर आली की नाही, कोणती गोळी घेतली, हेही असायचं. फळं अतिशय आवडत असूनही तो ती टाळायचा. चालण्यावर त्याचा भारी विश्वास. पुढे डब्लिनला तर पाऊस असला की घरातलेच जिने चढायचा-उतरायचा.

१७१३ साली तो डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा डीन, म्हणजे मुख्य धर्माधिकारी झाला. इंग्रज सरकार आयर्लंडवर करत असलेल्या अन्यायाविरुद्ध त्याने लेखणी चालवली. १७२६ साली ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ प्रसिद्ध झालं. हे सगळं दुखणं सांभाळून! पुढच्याच वर्षी तो कवी अलेक्झांडर पोपकडे पाहुणा म्हणून गेला असताना पुन्हा झटका आला. पोपचा आवाज बारीक आणि स्विफ्टला ऐकू येईना. जिवाभावाचे दोन मित्र, पण बोलणंच होईना. शेवटी तो तिथून निघाला. १७२८ च्या जानेवारीत स्टेलाही गेली.

त्यानंतर माणसांत मिसळणं कमी होत गेलं. ज्याला ऐकू येत नाही आणि चक्कर कधी येईल याचा भरवसा नाही, तो चारचौघांत बसणार तरी कसा? लोकांना मात्र तो विक्षिप्त, तिरसट वाटू लागला. म्हातारपणी स्मरणशक्ती गेली. १७४२ साली त्याला मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवून पालक नेमले गेले. १७४५ साली तो वारला आणि मागे ‘वेडा डीन’ ही ख्याती उरली. म्हातारपणाचं विस्मरण आणि तरुणपणापासूनची चक्कर, दोन्ही एकाच वेडाच्या खात्यात जमा झाली.

१८४९ साली डब्लिनचेच कानाचे सर्जन विल्यम वाइल्ड (लेखक ऑस्कर वाइल्डचे वडील) यांनी पुस्तक लिहून तो वेडा नव्हता असं मांडलं. १८६१ साली पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनियर या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की अशी चक्कर मेंदूतून नव्हे, तर आतल्या कानातून येऊ शकते. पुढे वीस वर्षांनी बकनिल या इंग्रज मनोविकारतज्ज्ञांनी स्विफ्टची लक्षणं याच आजाराशी जुळवली.

आतल्या कानात ऐकण्याचा शंख असतो आणि त्याला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या. मेनियरच्या आजारात तिथल्या द्रवाचं प्रमाण वाढतं. मग वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत सगळं गरगर फिरतं, उलट्या होतात, कानात आवाज येतो, दडे बसतात, ऐकू कमी येतं. आज गोळ्या आहेत, तोलाचे व्यायाम आहेत, श्रवणयंत्र आहे. जेवणातलं मीठ कमी करायलाही डॉक्टर सांगतात.

वस्त्यांमधून काम करताना मला चक्करीची तक्रार करणाऱ्या बायका नेहमी भेटतात. घरच्यांचं उत्तर ठरलेलं, अशक्तपणा असेल, नाहीतर कामाचा कंटाळा! पण चक्करीबरोबर कानात आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून ऐकण्याची तपासणी करायलाच हवी. झटका आला की गॅस बंद करून आडवं व्हावं. स्टुलावर चढणं, गाडी चालवणं टाळावं. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि चक्करीबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला, तर थेट हॉस्पिटल.

स्विफ्टने मृत्युपत्रात आपली बहुतेक संपत्ती मनोरुग्णांच्या इस्पितळासाठी ठेवली होती. १७५७ साली ते डब्लिनमध्ये सुरू झालं आणि आजही चालू आहे. ज्याचं दुखणं कुणाला समजलं नाही, त्याने दुसऱ्यांच्या दुखण्याची सोय करून ठेवली. आपण निदान घरातल्या बाईला चक्कर येते म्हटल्यावर नीट ऐकून तरी घेऊ या.