सुभेदार रामजी सकपाळ

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचे लहानसे गाव आहे. या गावातील सकपाळांचे घराणे महार समाजातील. त्या काळच्या गावगाड्यात महाराच्या वाट्याला कामे पुष्कळ आणि मोबदला थोडा असे. सांगावे पोहोचवावेत, सरकारी माणसांबरोबर वाट दाखवीत जावे, मेलेली गुरे ओढावीत आणि सुगीच्या दिवसांत मूठमूठ धान्यासाठी खळ्याच्या कडेला उभे राहावे, असा तो जन्माचा बांधलेला क्रम होता. बापाने जे केले तेच मुलाने करायचे. या क्रमातून बाहेर पडण्याची एक वाट मात्र इंग्रजांच्या पलटणीने उघडली होती. रामजींचे वडील मालोजी सकपाळ हे त्या वाटेने गेले व सैन्यात शिपाई झाले. पुढे रामजींनीही तीच वाट धरली.

महार समाजाचे लढवय्येपण इंग्रजांच्या आधीपासूनचे. शिवछत्रपतींच्या काळापासून गडकोटांच्या पहाऱ्यावर ही माणसे असत. कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात सैन्य उभारले तेव्हा त्यांतील पुष्कळजण त्यात शिरले. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी जी लढाई झाली, तीत कामी आलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. परकीयांच्या बाजूने आपल्याच मुलखातील सैन्याशी लढणे ही गोष्ट आज वाचणाऱ्याला खटकेल. परंतु ज्या राज्यात आपली सावलीही विटाळ मानली जाते, त्या राज्याविषयी माणसाला जिव्हाळा कसा वाटावा, हाही प्रश्न त्याबरोबर विचारला पाहिजे.

पलटणीत नाव नोंदवले की शिपायाला दरमहा ठरलेला पगार मिळे, अंगावर गणवेश चढे आणि नोकरीची वर्षे भरली की निवृत्तिवेतन सुरू होई. गावात जो माणूस वाटेच्या कडेने चाले, तो कवायतीच्या मैदानावर इतरांच्या खांद्याला खांदा लावून उभा राही. मुंबईच्या सैन्यात निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच तुकडीत असत आणि तेथे हुद्दा मानावा लागे. महार हवालदार समोर आला तर उच्च म्हणवणाऱ्या जातीच्या शिपायालाही त्याला सलाम करणे भाग पडे.

या सर्वांहून मोठा लाभ निराळाच होता. सैन्यातील शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना शिक्षण देण्याची सोय छावणीत असे, आणि ते शिक्षण सक्तीचे होते. ज्या समाजाला गावच्या शाळेच्या पायरीवरही जागा नव्हती, त्या समाजातील मुलांच्या हाती पाटी आली ती छावणीच्या शाळेत. सकपाळांच्या घरातील बायकांनाही लिहितावाचता येत असे. एकोणिसाव्या शतकात, भल्याभल्या सुखवस्तू घरांतही न दिसणारी ही गोष्ट होती.

रामजी मुळात अभ्यासू वृत्तीचे. सैन्यात त्यांनी पुण्याच्या शिक्षकशाळेत अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि बंदुकीपेक्षा पुस्तकाशीच त्यांची अधिक गाठ पडली. पुढे चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. मराठी त्यांची उत्तम होती, इंग्रजीचेही चांगले ज्ञान त्यांनी मिळवले होते. चढत चढत ते सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. त्या काळी हिंदी माणसाला मिळू शकणारी ही शेवटची पायरी होती. तिच्यावर उभा असलेला, केस पिकलेला सुभेदारही विलायतेहून नुकत्याच आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीच असे. जातीची भिंत पलटणीत थोडी खाली झाली होती खरी. पण रंगाची भिंत तेथे उभीच होती.

रामजींचा विवाह मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाला. तेही घराणे पलटणीतलेच. भीमाबाईंचे वडील सुभेदार-मेजर होते आणि माहेरची स्थिती सासरच्या मानाने बरी होती. शिपायाच्या संसाराला एक ठिकाण नसते. आज या छावणीत, उद्या त्या. हुकूम आला की बाडबिस्तरा आवरून निघायचे. अशा फिरत्या संसारात या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतील थोडीच वाचली. बाळाराम व आनंदराव हे मुलगे, मंजुळा व तुळसा या मुली आणि सर्वांत धाकटा, चौदावा भीमराव, एवढी भावंडे मोठी झाली. भीमरावाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी माळव्यातील महूच्या छावणीत झाला. हेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. ते गाव आज मध्य प्रदेशात असून त्याला डॉ. आंबेडकर नगर असे नाव दिलेले आहे.

भीमरावाच्या जन्माच्या सुमारासच एक मोठा आघात झाला. तो रामजींच्या एकट्याच्या घरावर नव्हता, साऱ्या समाजावर होता. काही जातीच तेवढ्या लढवय्या असतात आणि इतर नसतात, असे मत इंग्रज सेनापतींमध्ये बळावले होते. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. त्या धोरणानुसार १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यातील भरती बंद करण्यात आली. तीन पिढ्या ज्यांच्या तलवारीचा उपयोग करून घेतला, त्यांना लढवय्येपणाच्या यादीतून एका हुकमाने वगळण्यात आले.

या हुकमाचा अर्थ रामजींना पुरता कळला होता. स्वतःची नोकरी पुरी होत आली होती, निवृत्तिवेतन मिळणारच होते. त्यांचे व्यक्तिशः काही बिघडत नव्हते. पण भरती बंद म्हणजे पगार बंद, आणि त्याहून वाईट म्हणजे शाळा बंद. आपल्या मागून येणाऱ्या मुलांच्या हातची पाटी जाणार, हे त्या मुख्याध्यापकाने ओळखले. या हुकमाविरुद्ध सरकारकडे अर्ज करावा म्हणून त्यांनी खटपट केली आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य मिळवले. दापोलीस राहणारे गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली असाच एक विस्तृत अर्ज सिद्ध केला. सरकारने दाद दिली नाही. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपताच १९२१ मध्ये तीही मोडली गेली. गरजेपुरते बोलवावे आणि गरज सरताच घरी धाडावे, असा हा व्यवहार होता. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. ती भारतीय सैन्यात आजही आहे. मात्र त्या दिवसाला अजून पन्नास वर्षांचा अवकाश होता आणि रामजींना तो दिसायचा नव्हता.

१८९४ साली रामजी सेवानिवृत्त झाले. दरमहा ५० रुपये निवृत्तिवेतन त्यांना मिळू लागले. मुलाबाळांना घेऊन ते कोकणात दापोलीस आले. तेथे लष्करी निवृत्तांची मोठी वसाहत होती. पुढे त्यांनी साताऱ्यास सरकारी बांधकाम खात्यात नोकरी धरली आणि कुटुंब साताऱ्याला गेले. तेथे थोड्याच दिवसांत भीमाबाई वारल्या. भीमराव त्या वेळी पाचसहा वर्षांचा होता. रामजींची बहीण मीराबाई, पाठीने अधू असलेली पण मनाने मोठी बाई, हिने मुलांना सांभाळले.

छावणीबाहेरच्या जगाशी सुभेदारांच्या मुलांची खरी ओळख साताऱ्यास झाली. महूला सुभेदाराचे घर म्हणून त्यांच्या घराला मान होता. साताऱ्यात त्या मानाचा कोणाला पत्ता नव्हता. न्हावी या मुलांचे केस कापीत नसे. बहीणच भावांना अंगणाच्या पायरीवर बसवून कात्री चालवी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. शाळेत त्याला घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. शिपाई त्या दिवशी आला नाही तर तहानेलेच घरी यायचे.

पुढे रामजी सातारा जिल्ह्यातच एका तलावाच्या कामावर खजिनदार म्हणून गेले. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे यासाठी सरकारने तो तलाव काढला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी यावे म्हणून त्यांनी पत्र धाडले. भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीचे दोन मुलगे नवे सदरे, जरीच्या टोप्या व नवे जोडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. आपण येत असल्याचे पत्र त्यांनी पाठवले होते, परंतु नोकराच्या हलगर्जीपणामुळे ते रामजींना कळलेच नाही. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर चार पावले मागे सरकला. गाडीवाले गाडीत घेईनात. अखेर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एकजण तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. बरोबर फराळाचे भरपूर होते. पाणी मात्र वाटेत कोणी दिले नाही. ती रात्र मुलांनी उपाशीच काढली. दुसऱ्या दिवशी ती बापाच्या दारात उभी राहिली तेव्हा रामजींच्या मनात काय आले असेल? सरकारच्या खजिन्याच्या किल्ल्या ज्यांच्या हाती विश्वासाने सोपवल्या होत्या, त्यांच्या लेकरांना त्याच सरकारच्या रस्त्यावर घोटभर पाणी मिळाले नव्हते.

लष्कराने रामजींना हुद्दा दिला होता, तो छावणीच्या फाटकापाशी संपला. पगार नोकरीबरोबर संपला. उरली होती ती शिस्त आणि विद्या. आणि ती पुंजी त्यांनी मुलांवर, विशेषतः धाकट्यावर, हात न आखडता खर्च केली. ते कबीरपंथी होते. मद्यमांसाचा त्यांना स्पर्श नव्हता. सकाळ-संध्याकाळ घरात भजन होई आणि मुलांनी त्याला हजर राहिलेच पाहिजे, असा दंडक होता; कवायतीच्या हजेरीसारखाच तो पाळला जाई. रामायण-महाभारत ते मुलांकडून वाचून घेत. या ग्रंथांत आपल्यासारख्यांना कमी लेखलेले असताना ते का वाचावेत, असे भीमराव विचारी. हीन मानलेल्या कुळात वाढूनही कर्णासारखे पुरुष किती थोर झाले ते पाहावे, म्हणजे मनातला कमीपणा जाईल, असे रामजी त्याला समजावीत. इंग्रजीसाठी हॉवर्डची वाचनपुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला ते मुलाकडून घोकून घेत. शब्दाला नेमका प्रतिशब्द हवा, तेथे सवलत नसे.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. दोन्ही मुलांना शिकवण्याची ऐपत राहिली नव्हती. आनंदरावाला शाळा सोडून नोकरी धरावी लागली. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. त्या एका खोलीत संसार, जाते, सरपण आणि कोपऱ्यात एक शेळीही होती. रात्री सगळी निजानीज झाली म्हणजेच अभ्यासाला शांतता मिळे. म्हणून भीमरावाने लवकर निजावे आणि रामजींनी दोन वाजेपर्यंत जागून त्याला उठवावे, असा क्रम ठरला. मुलगा कंदिलाशी बसला की मग म्हातारा शिपाई अंथरुणाला पाठ टेकी. पहारा बदलल्यासारखेच ते होते.

भीमरावाला पुस्तकांचा नाद जबर होता आणि तो पुरवताना निवृत्तिवेतन अपुरे पडे. पुस्तक मागितले की रामजी नाही म्हणत नसत. ते आधी धाकट्या मुलीच्या घरी जाऊन हातउसने पैसे मागत. तिच्यापाशी नसले तर थोरलीकडे जाऊन तिचा एखादा दागिना घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवत आणि पुस्तक घेऊन घरी येत. महिनाअखेर निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून मुलीला परत केला जाई. पुन्हा पुस्तक लागले की पुन्हा तोच फेरा.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या विद्यावेतनावर त्यांनी पुढे पदवी मिळवली. त्या उपकाराची फेड म्हणून बडोदे संस्थानात नोकरी करावी असे त्यांच्या मनाने घेतले. जानेवारी १९१३ मध्ये ते संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. वडिलांना जी पायरी चढता आली नव्हती, तिच्याहून वरची ही पायरी. निदान नावाने तरी. आयुष्यभर लष्कराची भाकरी खाल्लेल्या त्या सुभेदारांना आनंद व्हायला हवा होता. पण रामजींचा या जाण्याला विरोध होता. परक्या गावी मुलाला कशी वागणूक मिळेल, याची त्यांना धास्ती वाटत होती. हुद्दा पाठीशी असला म्हणजे गावात घर मिळतेच असे नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. भीमराव हट्टाने गेले.

पंधरवडा लोटतो न लोटतो तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार बडोद्यास आली. भीमराव तत्काळ निघाले. वाटेत सुरतेच्या स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने मुंबईस पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचा श्वास तोवर मुलाच्या वाटेकडेच अडला होता. भीमराव जवळ येताच त्यांनी दुबळा हात त्याच्या पाठीवरून फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला.

भीमराव बडोद्याच्या त्या नोकरीवर पुन्हा गेले नाहीत. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली आणि जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी पोहोचले.